ओढ्यापलीकडची छावणी

"एकदा आमच्या माळवस्तीला चल," असं माझी मैत्रीण सुरेखा दोन वर्षं म्हणत होती. ऐन दुष्काळात गेले आणि डोकं तापवून परत आले.

जायचं असेल त्यांच्यासाठी: केजपर्यंत एसटी, पुढे धारूरकडची जीप. तीस रुपये घेतात, पण माणसं कोंबल्याशिवाय ती हलत नाही. फाट्यावर उतरून अर्धा तास माळ तुडवायचा. पाणी सोबत न्या, वस्तीवर मागायची लाज वाटते.

वस्ती म्हणजे अकरा घरं. समोर कोरडा ओढा, पलीकडे मोठं गाव. वस्तीचं दुकान, शाळा, गिरणी, सोयरिकी सगळं त्याच गावात. सरकारदप्तरी मात्र वस्ती मोडते डोंगरामागच्या गावात, दोन तासांच्या वाटेवर! का, ते कुणालाच सांगता येईना.

सुरेखाच्या आईने, कौसाकाकूंनी, गरम भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा वाढला. लक्ष सगळं गोठ्याकडे. गाय गाभण, दिवस भरत आलेले, कडबा संपलेला. आणि ओसरीवरून दिसेल अशी, ओढ्यापलीकडे, सहकारी सोसायटीची चारा छावणी.

"मग तिथे का नेत नाही?"

"दोनदा गेलते. म्हनले, तुमची छावनी डोंगरामागं हाय. असल्या गाईला घाट कसा चढवू? वाटंतच बसंल ती."

मी तिरीमिरीत काकूंना घेऊन छावणीत गेले. सोसायटीच्या माणसाने यादीवरून मानही वर केली नाही. "ताई, तुमची वस्ती आमच्या गावात न्हाई."

ओढा ओलांडला की गाईची भूक बदलते का हो? मी वाट्टेल ते बोलले. ऐकतो कोण!

शेवटी त्या गावचे दुकानदार शिवलिंगअप्पा पुढे झाले. "माझ्या नावानं बांधा. माझं नाव हाय यादीत." काकू जाऊन गाय घेऊन आल्या. तिच्या कानात अप्पांच्या नावाचा बिल्ला बसला. बसवणारा तोच सोसायटीचा माणूस. सगळं ठाऊक असूनही आता त्याची काही हरकत नव्हती. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुण्याला परतून आठवडा झाला. माळावरची पहाट, ठेच्याची चव अजून आठवते. पण काल सुरेखाने सांगितलं ते डोक्यातून जात नाही. गाय छावणीतच व्याली, कालवड झाली. काकू पदराने कालवड पुसत होत्या, तेवढ्यात तपासणीचे साहेब आले.

"आजी, तुम्ही कोण?"

"कोनी न्हाई, साहेब," काकू म्हणाल्या. "बघाया आलते."