मेण नसलेल्या पाच कबरी

लोखंडी क्रूसांच्या चोरीचा तो गुन्हा मला आजही जसाच्या तसा आठवतो. अंबरनाथ पश्चिमेच्या एका ख्रिस्ती दफनभूमीतून पाच कबरींवरचे क्रूस गेले होते. मी तेव्हा हवालदार होते. तक्रार घेऊन आली एक म्हातारी, निवृत्त नर्स. तिच्या नवऱ्याचा क्रूस गेला होता.

ठाण्यात सगळे हसले. "भंगारच ना, मॅडम? अर्ज घ्या आणि पाठवा घरी." मी गुन्हा दाखल करून घेतला.

आसपासच्या भंगारबाजारांत मी नंबर देऊन ठेवला होता. तिसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या एका वेल्डरचा फोन आला. "मॅडम, शेजारच्या भंगारवाल्याकडे मेलेल्यांची नावं आलीत कापायला." पंचांसमोर क्रूस जप्त केले. पण विकणारा कोण, ते भंगारवाला सांगेना.

नर्सबाईंना घेऊन मी दफनभूमीत गेले. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी हे लोक कबरी धुऊन मेणबत्त्या लावतात. सगळीकडे मेणाचे थर होते. क्रूस गेलेल्या पाच कबरी तेवढ्या कोरड्या होत्या. कुठे कोणी येत नाही, हे चोराला पक्कं ठाऊक होतं.

"तुम्ही यंदा आला नव्हतात, मावशी?"

"खुबा मोडला होता. मेल्याने मलाही मेलेली धरलं." आणि तिने रखवालदाराच्या खोलीकडे बोट केलं.

रखवालदाराला ठाण्यात आणलं. हात लावला नाही. पाच नावं वाचली आणि विचारलं, "यांच्याकडे कोण येतं?"

"कोणीच नाही."

मी बाईंना आत बोलावलं. "मी येते," त्या म्हणाल्या. त्याची मान खाली गेली. "वाटलं, तुम्ही पण गेलात." तिथेच कबुली मिळाली.

खरं भांडण पुढेच झालं. चर्चचे फादर आमच्या ठाण्याच्या साहेबांना भेटायला आले, तेव्हा बाई तिथेच बसल्या होत्या. "त्याला दोन मुली आहेत, बाई. देव दयाळू आहे. तडजोड करा."

"देव न्यायीही आहे, फादर. दर रविवारी तुम्हीच सांगता. मी त्याला माफ केलंय, तोंडावर सांगितलंय. पण चोरीला चोरीच म्हणायचं."

"मग माफी कसली ही?"

"काही झालंच नाही म्हटलं, तर माफ काय करायचं?"

साहेबांनी माझ्यावर डोळे वटारले. "मिटवून टाका, हवालदार."

"साहेब, दोषारोपपत्र जाणार."

महिन्याभरात माझी बदली बदलापूरला झाली. झाली तर झाली.

त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. बाईंनी उभं राहून सांगितलं, "शिक्षा द्या, पण थोडी द्या." थोडीच झाली. सुटल्यावर त्याला परत कामावर घ्यायलाही त्यांनीच फादरना भाग पाडलं.

मी ख्रिस्ती नाही. पण नोकरीभर ठाण्यात 'मिटवून टाका' ऐकलं आणि त्यालाच दया समजत आले. ती दया नव्हती, कंटाळा होता. दया करणाऱ्याला आधी गुन्ह्याकडे नीट बघावं लागतं, हे मला त्या म्हातारीने शिकवलं.

कोर्टातून क्रूस परत आले, त्या दिवशी मी मुद्दाम गेले. रखवालदार खड्डा खणून क्रूस लावत होता. बाई काठी टेकून उभ्या होत्या.

"वाकडा आहे. काढ."

"राहू द्या हो आता," फादर म्हणाले.

"काढ म्हटलं ना!"

तिसऱ्या खेपेला क्रूस सरळ बसला. मग बाईंनी पिशवीतून दोन मेणबत्त्या काढल्या. एक स्वतः लावली, दुसरी त्याच्या हातात दिली.