फिल्टरवर घातलेलं नाव

आमच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी संशय शिकवतात. बाबा आधी गिरणीच्या स्टोअरमध्ये होते आणि गिरणी बंद पडल्यावर शिवडीच्या एका गोदामात. आलेला माल उलटासुलटा करून बघायचा आणि तो आणणाऱ्याकडे डोळे बारीक करून पाहायचं, याचाच त्यांना जन्मभर पगार मिळाला. पुढे पगार थांबला, पण सवय सुटली नाही. ती माझ्यातही पुरेपूर उतरली आहे, हे आधीच सांगते.

बाबांची छोटी आकाशी गाडी दर सर्व्हिसिंगला ज्या गॅरेजात जायची, तिथे बिलात हटकून 'नवा एअर फिल्टर' असायचा. इंजिनात जाणारी हवा गाळणारी कागदाची घडीघडीची जाळी, एवढाच तो प्रकार. पण दर वेळी नवा? बाबांनी देवघरातलं कुंकू तेलात कालवलं आणि गाडीतल्या फिल्टरच्या कोपऱ्यात टिकली काढून ठेवली. सर्व्हिसिंग होऊन गाडी आली, बाबांनी झाकण उघडलं, तर नव्या फिल्टरला सौभाग्य लागलेलं.

"काका, चांगला होता, हवा मारून परत टाकला," गॅरेजवाला म्हणाला.

बाबांना राग आला नाही. चोर पकडल्याच्या आनंदात ते दोन घास जास्तच जेवले. मग त्यांनी जाहीर केलं की आता धुवून वापरायचा फिल्टर आणायचा. एकदा घेतला की गाडी असेपर्यंत बघायला नको, गॅरेजवाल्याचा हात लावून घ्यायला नको.

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. बाबांना काचबिंदू आहे आणि डाव्या बाजूचं त्यांना फारसं दिसत नाही. शिवडीला एका उभ्या हातगाडीला त्यांनी गाडी घासली, आणि घरी येऊन सांगितलं की हातगाडीवाल्यानेच मध्ये घातली. मी बॉनेटच्या डाव्या बाजूचा ओरखडा बघितला आणि समजायचं ते समजले. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं बंद करा. डोळ्यांना काही झालंय हे बाबांनी कधीच कबूल केलं नाही, पण माझ्या हट्टापायी म्हणाले, "पुढची सर्व्हिसिंग होऊ दे, मग बंद." ती सर्व्हिसिंग झाली. आणि आता हा माणूस कायमचा टिकणारा फिल्टर शोधत होता. गाडी सोडणाऱ्याची ही लक्षणं नव्हेत. मला भीती वाटत होती. एखादं मूल डावीकडून रस्त्यात येईल आणि बाबांना ते दिसणारच नाही, हे मला रोज डोळ्यांसमोर यायचं.

बरं, मी चालवते म्हणावं, तर लायसन्स असूनही मला त्या गाडीची चावी कधी मिळाली नाही. "गाडी एकाच हाताची बरी," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चावी सदऱ्याच्या आतल्या खिशात. तेव्हा गिरगावात ऑपेरा हाउसकडे गाड्यांच्या सामानाची दुकानं पालथी घालायला ते निघाले, तशी मी शीवच्या माझ्या घरून सकाळीच परळला बाबांकडे येऊन त्यांच्याबरोबर बसले. फिल्टरमध्ये मला काडीचा रस नव्हता. मी त्यांच्या डावीकडे बसायला गेले होते. सगळा रस्ता मी "बाबा, सायकल," "बाबा, बाई" करत होते आणि ते "माका शिकव नको" म्हणत होते.

दुकानदाराने दोन फिल्टर पुढे ठेवले. दोन्हींत तेलात भिजवलेलं सुती कापड, त्याच्या दोन्ही अंगांना तारेची जाळी. एकाची कड रबराची, दुसऱ्याची स्टीलची.

"लाइफटाइम है अंकल. धोओ, सुखाओ, तेल मारो, वापस लगाओ."

"किसका लाइफटाइम? गाडी का के मेरा?" बाबांनी विचारलं. मग फिल्टरचा वास घेतला, मागून मोबाइलची बॅटरी लावली. "उजेड येता. म्हणजे धूळ पण येतली."

कापडातल्या तेलाला धूळ चिकटते, असं दुकानदाराने समजावलं. बाबा म्हणाले, आता यात खोट काय ते सांग. तो बिचारा चाचरला आणि म्हणाला, तेल जास्त झालं तर आतला सेन्सर खराब होतो. बाबांचा चेहरा तिथे पहिल्यांदा सैल झाला. खोट सांगणाऱ्या दुकानदारावर ते थोडा विश्वास ठेवतात. मग त्यांनी स्टीलच्या कडेवर नखाने टकटक केलं आणि रबरवाला बाजूला सारला.

"रबरवाला हलका आहे की," मी म्हटलं.

"असू दे."

स्टील का, तर जास्त टिकावं म्हणून. म्हणजे यांचा नव्वदीपर्यंत चालवायचा बेत आहे. परतीच्या वाटेवर मी रागातच होते, पण डोळे डावीकडेच ठेवले.

लालबागला त्यांनी गाडी थांबवली आणि भांड्यांच्या दुकानात शिरले. आमच्या घरातली प्रत्येक वाटी या दुकानातली, प्रत्येकीवर बाबांचं नाव. माझ्या लग्नातली भांडीही इथलीच. त्यांच्यावर सौ. लावून सासरचं नाव घातलं होतं. बाबांनी फिल्टर काउंटरवर ठेवला आणि स्टीलची कड दाखवली. अच्छा, म्हणजे गॅरेजवाल्याने फिल्टर बदलू नये म्हणून त्यावरही नाव घालायचं होतं. मला हसूही आलं आणि चीडही.

"नाव काय घालू, काका?"

बाबांनी माझं नाव सांगितलं.

"पुढे काय? आडनाव?"

"काय नको. सौ. पण नको. इतकाच."

मशीन टर्रर्र करत माझं नाव कोरत होतं आणि स्टीलचा चुरा आत जाऊ नये म्हणून बाबा जाळीवर रुमाल धरून उभे होते. मी म्हटलं, "बाबा, गाडी तुमची आहे."

"ज्याका भांडा द्यायचा, त्याचा नाव घालतत," ते म्हणाले. "धुवायचा तू. तेल थोडाच घाल."

माझा विश्वास बसला नाही. बाहेर आल्यावरही वाटत होतं की आता काहीतरी अट निघेल. पण बाबा वळसा घालून डाव्या दाराशी जाऊन उभे राहिले, आतल्या खिशातून चावी काढली आणि टपावरून माझ्याकडे सरकवली. मी उजवीकडे बसले. 

गाडी रस्त्याला लागली तसे ते म्हणाले, "डावीकडे बघ गो. माका त्या बाजूचा दिसणा नाय."