खालच्या खाचरात मेंढरं बसवायची म्हणजे

चंद्रावतीला मेंढरांचं काही कळत नव्हतं. पेणच्या खारेपाटातल्या बाईला कळावं तरी कसं? माहेर मिठागराच्या कडेला, सासर खाडीच्या बांधाला. कोंबड्या, म्हशी आणि चिखलातल्या निवट्या मासोळ्या एवढीच तिच्या ओळखीची जित्राबं. मेंढरं म्हणजे भातकापणी झाली की घाटावरून उतरणारी, जोह्याच्या रस्त्यावर एस.टी. अडवून धरणारी एक करडी गर्दी, यापलीकडे तिने कधी विचार केला नव्हता.

पण त्या वर्षी तिला मेंढरं शिकावी लागली. नवऱ्याने अटच तशी घातली.

हिरामण रोह्याला कंपनीत होता. शिफ्टची नोकरी, सुट्टी असली की घरी. आदल्या एका पावसाळ्यात उधाणाने बांध फोडला आणि खाडीचं पाणी चंद्रावतीच्या खाचरात शिरलं. तेव्हापासून भात गुडघ्याएवढं वाढून थबकायचं आणि लोंबीत दाण्याच्या जागी नुसतं फोल निघायचं. हिरामणने रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात हासाजींच्या चाळीत खोली बघून ठेवली.

"शेत थोरल्या वहिनीला करायला देऊ नि तू चल तिकडं," तो म्हणाला. "नळ हाय, लाईट हाय."

"नि मी काय करू तिथं? नळाकडं बघत बसू?"

"मग या मातीत काय पिकवणार हायस? मीठ?"

"मेंढरं बसवते. लेंडीखत पडलं का सुधारेल जमीन."

हिरामण मोठ्याने हसला. "खालच्या खाचरात मेंढरं बसली तर खोलीचं नाव काढणार नाय मी. बसव."

तो का हसला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. धनगराचा कळप रात्री ज्याच्या शेतात बसतो त्याच्या शेताला खत मिळतं, आणि त्याबद्दल शेतकरी धनगराला तांदूळ देतो, ही जुनी रीत. पण चंद्रावतीच्या खाचराला लागून तिची थोरली जाऊ गोदूबाई हिचं शेत, आणि ते चांगलं हातभर उंच. खाली बसवलेली मेंढरं रात्रीतून उठून वर जाणार. तांदूळ द्यायचा धाकटीने आणि खत पडणार थोरलीच्या शेतात.

कळप हैबतरावाचा. नाव एवढं भारदस्त, पण माणूस काटकुळा, म्हणून सगळे त्याला हैबती म्हणत. त्याने आधीच सांगितलं, "वहिनी, मेंढरू लई मानी. खाली बसा म्हणलं तर ते बसायचं न्हाई. त्याला उंच पायजे, कोरडं पायजे, आन् चारी अंगांनी दिसाय पायजे."

"एकदा बसवून तर बघ."

बसवली. सकाळी चंद्रावती दव तुडवत गेली, तर खाली एक शेपूट नाही. वरच्या शेतात मेंढरं डोळे अर्धे मिटून निवांत रवंथ करत होती, आणि बांधावर गोदूबाई दातांना मिश्री लावत उभी होती.

"चंद्रे, तुझे पाव्हणे माझ्याकडं मुक्कामाला आले गो!"

"राहू दे, जाऊबाय. तुमचा पाहुणचार बरा असंल."

मग चंद्रावतीने डोकं चालवलं. तिने घरचा पेंढा आणून खाचरभर पसरला. खालून ओल लागणार नाही, मऊ गादी मिळेल, मग कशाला जातात वर? संध्याकाळी मेंढरं आली आणि त्यांनी ती गादी खायला सुरुवात केली. अंधार पडेपर्यंत मान वर केली नाही. पोटं टम्म झाली, तशी एकेक उठून वर गेली आणि गोदूबाईच्या शेतात बसली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर हसून हसून बायकांचे हंडे रिकामे व्हायची वेळ आली. जेवण धाकटीकडे आणि झोप थोरलीकडे! मेंढरू झोपून उठलं की लेंड्या टाकतं, म्हणजे पेंढाही अखेर गोदूबाईच्याच शेतात पोचला.

चंद्रावतीही हसली, पण घरी येऊन दिवस मोजू लागली. हासाजींना खोलीचा जबाब होळीच्या आत द्यायचा होता.

हैबतीकडे विचारून उपयोग नव्हता. तो मेंढरांचीच बाजू घ्यायचा. म्हणून ती सूपभर तांदूळ घेऊन त्याच्या बायकोकडे, पुतळीकडे, जाऊन बसली. पुतळीचं बिऱ्हाड वरच्या बांधावर भेंडीच्या डेरेदार झाडाखाली होतं. दिवसा कळप चरायला जाई, कोकरं मात्र तिथेच, वाघूर म्हणून जाळीचं कुंपण असतं त्याच्या आत. पुतळी त्यांना बाभळीचा पाला टांगून द्यायची. कोकरं दोन पानं कुरतडत, चारी पायांवर एकदम उड्या मारत, आणि मग खेळता खेळता एकाच्या अंगावर एक अशी ढिगाने झोपत. ढिगातलं खालचं कोकरू उठलं की सगळा ढीग कोसळायचा आणि पुन्हा नवीन रचला जायचा.

संध्याकाळी कळप परतला तेव्हा जो गलका झाला तसा चंद्रावतीने बाजारातही ऐकला नव्हता. आया बें बें करत होत्या, कोकरं ओरडत होती. पुतळीने जाळी उचलली आणि सगळं एकमेकांत मिसळलं. प्रत्येक मेंढी कोकराची शेपटी हुंगायची. आपलं असलं तर उभी राहायची, परकं असलं तर डोक्याने ढकलून द्यायची. कोकरू गुडघे टेकून कासेला ढुशी देई आणि त्याची शेपटी अशी हलू लागे, जणू तिलाच दूध मिळतंय.

"एवढ्या आरड्यात तिला आपलं कसं गो कळतं?" चंद्रावतीने विचारलं.

"तुमचा कारभारी अंधारात खोकला तर तुमी वळकता का न्हाई?"

"तो घोरतो. खोकायची गरजच नाय."

पुतळी खळखळून हसली. पोटं भरल्यावर तिने कोकरं पुन्हा जाळीत घेतली, आणि मेंढ्या जाळीच्या जितक्या जवळ बसता येईल तितक्या बसल्या. चंद्रावती बघत राहिली.

"पुतळे, ही जाळी माझ्या खाचरात लाव की."

पुतळीचं हसू थांबलं. "माझी कोकरं वल्यात? न्हाई बाई. वल्यात बसलं की कोकरू पोट धरतंय, आन् सकाळी मान टाकतंय. तुमचं खाचर तुमाला, माझी कोकरं मला."

तिचं खरं होतं. चंद्रावती उठली.

घरी जाताना मात्र तिचं लक्ष फुटलेल्या बांधाच्या मातीकडे गेलं. ढीगच्या ढीग तसाच पडून होता. आणि ओल्या जमिनीवर टणक, कोरडा तळ कसा करायचा हे मिठागरातल्या पोरीला कुणी शिकवायला नको होतं. माहेरी दरवर्षी हंगामाच्या आधी बायामाणसं रांगेने मिठागराचा तळ तुडवत, तो पार फरशीसारखा होईपर्यंत. तिने माहेरची धोंडुबाई आणि आणखी दोघीतिघींना बोलावून घेतलं. खाचराच्या मधोमध माती ओढली, उंच ओटा केला, वर तूस आणि राख टाकली, आणि एकमेकींच्या कमरेला धरून गाणी म्हणत तुडवायला लागल्या.

"मीठ पिकवतेस का काय गो मेंढरांसाठी?" गोदूबाई वरून ओरडली.

"तुम्हीपण या नाचायला!" धोंडुबाईने उत्तर दिलं.

ओटा उन्हात वाळला. पुतळी बघायला आली. तिने तळवा टेकवला, मग गाल टेकवला. मग म्हणाली, "पाठ टेकून बघते," आणि आडवी झाली. ती उठेना, तेव्हा चंद्रावतीने वाकून पाहिलं. पुतळी गाढ झोपली होती.

जागी झाल्यावर तिने पदर सावरला. "एक रात. कोकरू शिंकलं तर मी जाळी उचलणार."

त्या संध्याकाळी दूध पाजून झाल्यावर पुतळीने कोकरं खाली ओट्यावर नेली. कळप सवयीने वरच्या शेतात शिरला. खालून कोकरं ओरडली. एका काळ्या तोंडाच्या मेंढीने कान टवकारले आणि बांधावरून खाली उडी टाकली. तिच्यामागे दुसरी, आणि मग का जायचं हे न विचारता जाणाऱ्या बाकीच्या.

गोदूबाई धावत आली. "चंद्रे, माझ्या शेतातली मेंढरं पळवलीस!"

"तुमची कधी झाली, जाऊबाय? तांदूळ कुणी दिले?"

गोदूबाईने हैबतीकडे पाहिलं. हैबतीने आभाळाकडे पाहिलं.

खाली उतरली खरी, पण उजाडेपर्यंत टिकतील का? पेंढा खाऊनही गेलीच होती. चंद्रावती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली आणि फटफटताच शेताकडे निघाली. बांधावर कुणीतरी उभं होतं. हिरामण होता. शिफ्ट सुटल्यावर पहिल्या गाडीने आला होता, हातात डब्याची पिशवी तशीच.

वरच्या शेतात दोनचार हट्टी म्हाताऱ्या मेंढ्या होत्या. बाकी सगळा कळप खालच्या खाचरात, ओट्याभोवती अंगाला अंग लावून. एकेक मेंढी आधी मागच्या पायांवर उठत होती, अंग ताणत होती आणि उभ्या जागी लेंड्या टाकत होती. जाळीत कोकरांचा ढीग अजून झोपेत होता.

"चंद्रावती, हे..." हिरामणने सुरुवात केली.

"हळू बोला. पिल्लं उठतील."

तो खरंच हळू बोलला. "हासाजींना आजच नाय म्हणून सांगून येऊ का?"

"आधी चहा घ्या. मग जा."