तलावाच्या पारीवरचा लाल दिवा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार बिसनभाऊंचे. सिहोऱ्याच्या एका धान व्यापाऱ्याच्या जीपवर ते ड्रायव्हर होते. मी बपेऱ्याचा. आमच्या घरात चौथीपुढे कोणी गेलं नव्हतं. तुमसरला कॉलेजात जायला माझ्याकडे एसटीचे पैसे नसायचे, तेव्हा सेठजींची बोलणी खाऊन ते मला धानाच्या पोत्यांवर बसवून न्यायचे. त्यामुळेच मी बी.एस्सी. झालो आणि भंडाऱ्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये नोकरीला लागलो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही. जे झालं ते फक्त सांगतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. सेठजींची जीप तोवर बरीच जुनी झाली होती. सिहोरा-बपेरा रस्ता एका तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, उतरत जातो. तिथे आली की जीपचा ऑइलचा लाल दिवा लागायचा. बिसनभाऊ गाडी थांबवून ऑइल बघायचे, तर ते भरलेलं. पुन्हा चालू केली की दिवा गायब.

सेठजींना वाटलं, हा बिडीसाठी थांबायचे बहाणे करतो. दिवाळीनंतर नवा ड्रायव्हर ठेवायचं त्यांनी ठरवलं. पन्नाशी उलटलेल्या बिसनभाऊंना दुसरीकडे कोण ठेवणार? मी सुट्टी काढून गेलो.

"उतारावर बंद करून सोडत असशीन गाडी. मंग दिवा लागंनच ना," सेठजी म्हणाले.

"डिझेल वाचवाले बंद कर म्हणून तुमीच सांगता, अन् दिवा लागला का मलेच बोलता," बिसनभाऊ म्हणाले.

"तोंड चालते याचं. गाडी नाही चालत."

आमच्याकडे तेव्हा सगळेच ड्रायव्हर उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायचे. बंद इंजिनात ऑइलचा दाब उतरतो, दिवा लागणारच. मलाही तेच कारण वाटलं. म्हणून मी स्वतः चालवायला बसलो. गिअर टाकलेला, इंजिन चालू... पारीवर दिवा लागला.

मग ऑइलचा दाब ओळखणारा स्विच बदलला – आता त्याला सेन्सर म्हणतात. नवी वायर ओढली. दाब मोजायला वेगळा काटा जोडला. पारीवर काटा दाब बरोबर दाखवत होता आणि शेजारी दिवा लाल. शेवटी स्विचची वायरच काढून टोकाला टेप गुंडाळली. तरी दिवा लागला.

"मोरू, हे तुह्या पुस्तकात नसंन," बिसनभाऊ हळूच म्हणाले.

कुठेतरी वायर बॉडीला लागत असेल, असं मी सेठजींना सांगितलं.

"नाहीतर यानंच लावली असंन," सेठजी म्हणाले.

मग मी लाल काचेमागचा बल्बच काढला आणि त्यांच्या हातात दिला. "हा तुमच्याजवळ ठेवा. आता दिवा लागूच शकत नाही. लागला तर बिसनभाऊंचा दोष नाही, एवढं मान्य करा."

"बरं," म्हणून त्यांनी मूठ मिटली. मी चालवत होतो, सेठजी शेजारी, बिसनभाऊ मागे. टळटळीत दुपार होती. पार आली. सेठजींनी हात झटकला, मूठ उघडली... तळहातावर तो नखाएवढा बल्ब जळत होता. कशालाही जोडलेला नव्हता.

"बिसन, गाडी थांबव."

"मी तं मांगं बसून आहो, सेठजी."

मी थांबवली. बल्ब विझला. सेठजींनी मूठ पुन्हा मिटली. मग म्हणाले, "हे गावात सांगू नका. माह्या गाडीत कोणी धान भरू देणार नाही." आणि मागे न बघता, "बिसन, तू राह्य."

विजेची लाइन पारीजवळून जात नव्हती, ते मी चालत जाऊन बघितलं. लॅबमधल्या सरांना विचारलं, ते हसले. आजपर्यंत मला कारण सापडलेलं नाही.

भंडाऱ्याला परत आल्यावर मी बिसनभाऊंना पत्र टाकलं –

ती. बिसनभाऊंना साष्टांग नमस्कार.
सेठजींनी शब्द दिला आहे, तो ते पाळतील. पण मला दोष सापडला नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. सोबत नवा बल्ब पाठवतो आहे. सेठजी नको म्हणतील, तरी लावा, आणि वायरही जोडून घ्या. दिव्याशिवाय गाडी चालवू नका. पारीवर लागला तर दर वेळी उतरा, दर वेळी ऑइल बघा. सवयीने पुढे जाऊ नका. एखाद्या दिवशी ऑइल खरंच संपलेलं असेल.
तुमचा,
मोरेश्वर