कढी न सांडणारी गाडी

पडदा वर जातो तेव्हा शनिवारच्या सकाळचे नऊ वाजले आहेत. मागे जी.ई. रोडवरून ट्रक धावत आहेत. पुढे जुन्या गाड्यांचं आवार, काचांवर चुन्याने साल लिहिलेल्या गाड्यांच्या रांगा, बॉनेटांवर चकाकणारं ऊन. आवाराचा मालक देवेंद्र साहू खुर्चीतून उठून हात जोडतो. आणि डावीकडून, ऑटोतून उतरून, एक झाकलेला मोठा गंज पोटाशी धरून प्रवेश करते शालू रामटेके. गंजात कढी आहे. काठोकाठ.

"दीदी, गाड़ी लेने आई हो के खाना खिलाने?" देवेंद्रने विचारलं.

"गाड़ी अच्छी निकली तो दोनों," शालू म्हणाली.

मी तिच्या मागे टॉवेल घेऊन उभा होतो, आणि माझ्या मागे तिचे यजमान देवीदास. चाळीस वर्षं नाटकांतून राजे आणि सावकार रंगवले, आता भिलाईतल्या सुपेल्यात शालूच्या खानावळीत दोन वेळ जेवतो. त्या अन्नाला स्मरून सांगतो, असा प्रवेश मला जन्मात साधला नाही.

शालूचं माहेर भंडाऱ्याकडचं. लग्न होऊन भिलाईत आली ती देवीदास रामटेकेंच्या घरी. देवीदास पोलाद कारखान्यात लोको, म्हणजे रुळांवरचं इंजिन, चालवायचे. भट्टीतून निघालेलं उकळतं लोखंड मोठमोठ्या भांड्यांत भरून पुढच्या खात्यात न्यायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं नेलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हार घातला, तेव्हा भाषणात ते एवढंच म्हणाले, "थेंब नाही सांडला." आणि खाली बसले.

शालूने खानावळ काढली ती पोरं मोठी झाल्यावर. दोन स्कूट्यांवर डबे जायचे. आणि या आठवड्यात तिच्या दारी नशीब चालत आलं. कारखान्यात एक भट्टी दुरुस्तीसाठी बंद राहणार होती. अशा मोठ्या कामाला इथे सगळे कॅपिटल रिपेअर म्हणतात. अडीचशे मजुरांचं दुपारचं जेवण, सव्वा महिना. ठेकेदाराचा मुन्शी टिकाराम म्हणाला, "शालू बाई, सोमवारपासून. साडेबाराच्या ठोक्याला, गरम. पण स्कूटीवर नाही, स्वतःची गाडी पाहिजे. नाही तर रायपूरवाला बसलाच आहे."

टिकारामचंही चुकत नव्हतं. मागच्या वर्षी एका छोट्या कामाला शालूने भाड्याच्या ऑटोतून जेवण पाठवलं होतं. रुळांपाशी ऑटो उसळला आणि कढी रस्त्यावर. साठ माणसांनी कोरडा भात खाल्ला. कोणी काही बोललं नाही. "शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं," ती अजून म्हणते.

म्हणून हा गंज. मी तिला ऑटोत विचारलंही होतं, परीक्षाच घ्यायची तर पाण्याने घे, कढी कावून?

"पाण्याले इज्जत नाही काका. सांडलं, वाळलं, झालं. कढी सांडली का दिसते."

देवेंद्रने आधी पांढरीशुभ्र व्हॅन दाखवली. शाळेची होती, सीटा काढलेल्या, आतून नवा पत्रा, वर निळी पट्टी. शालूचे डोळे असे चमकले की मीच घाबरलो. गिऱ्हाइकाने दुकानदारासमोर डोळे चमकवायचे नसतात, पण तिला कोण सांगणार! तिने पत्र्यावरून हात फिरवला, दार तीनदा उघडून लावलं. "इथे भाताचे गंज, इथे भाजी, इथे मी."

देवीदास चालवायला बसले. मागे गंज, गंजाजवळ शालू, शालूजवळ टॉवेलसह मी. आवारामागच्या खड्ड्यांच्या रस्त्याने निघालो. पहिल्या गतिरोधकाला गाडीने असा हिसका दिला की कढीची लाट उठली आणि थेट माझ्या धोतरावर उतरली.

"अवो!" शालू ओरडली. "तीस वर्षं लोखंड नाही सांडलं, अन् माही कढी सांडली?"

देवीदासांनी गाडी उभी केली. त्यांचा चेहरा पडला होता. ते उतरले, वाकून चाकांच्या वरचे स्प्रिंगचे पाटे पाहिले, हात पुसले. "मी नाही सांडली," ते हळूच म्हणाले. "पाटे गेले हायेत. वरून नवरी, खालून म्हातारी."

बारा वाजेपर्यंत आणखी तीन गाड्या झाल्या. मधे दोनदा शालूने ऑटोतून सोबत आणलेल्या दुसऱ्या पातेल्यातून कढी भरून घेतली. माझ्या धोतराला हळद लागली. शालूचा आवाज बारीक होत चालला. सोमवार जवळ येत होता.

तेवढ्यात देवीदास आवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तिथे निंबाखाली एक उंच टपाची मोठी व्हॅन होती. धुळीने भरलेली. टपावर दिवा काढल्याची गोल खूण, बॉनेटवर खरवडलेली, तरी दिसणारी उलटी लाल अक्षरं.

"वो रहने दो भैया," देवेंद्र म्हणाला. "अस्पताल की थी. काग़ज़ माल ढोने के बन गए हैं, इंजन भी चंगा है, पर आठ महीने से कोई हाथ नहीं लगाता. लोग बोलते हैं, इसमें आदमी मरे हैं."

"आमच्या घरी भूतबित चालत नाही," शालू म्हणाली. "बाबासाहेबांच्या फोटोखाली जेवतो आमी. उचला काका गंज."

पुन्हा तोच रस्ता, तोच गतिरोधक. मी डोळे मिटून टॉवेल पसरला. गाडी वर गेली, खाली आली, आणि काहीच झालं नाही. डोळे उघडले. कढी गंजाच्या काठाशी फक्त किंचित थरथरली होती. आमची नाटक कंपनी जुन्या मेटाडोरमधून गावोगाव हिंडायची तेव्हा अशी गाडी असती, तर माझ्या पाठीचे मणके आज जाग्यावर असते!

शालूने बोट काठावरून फिरवलं. कोरडं. आणि ती मोठमोठ्याने हसत सुटली.

"अवो, ऐकता का! जी गाडी पेशंटले हलू देत नाही, ते माह्या कढीले कावून हलू देईन?"

परत येताना देवीदासांनी मुद्दाम दोन खड्ड्यांतून गाडी घातली. देवेंद्रला बयाणा दिला, आणि कबूल केल्याप्रमाणे कढीभातही.

रविवार गाडी धुण्यात गेला. स्ट्रेचर बसवायच्या खाचांत गंजांच्या तिवया अशा बसल्या की जणू त्यांच्यासाठीच केल्या होत्या. रंगाला मात्र वेळ मिळाला नाही.

सोमवारी बाराला निघालो. देवीदास लोकोच्या वेगाने चालवत होते.

"लोकोवाले, जरा दाबा! इथे रूळ नाही हायेत!"

पावर हाउसच्या चौकात सगळं तुंबलेलं. बारा वाजून दहा मिनिटं. शालूचा जीव टांगणीला. आणि मग पुढच्या ऑटोवाल्याने आरशात ती लाल अक्षरं पाहिली. तो बाजूला झाला, त्याच्या पुढचा झाला, बस झाली. समुद्र दुभंगावा तसा रस्ता उघडला.

शालूला ते खपेना. खिडकीतून अर्धी बाहेर आली. "भैया, मरीज नहीं है! खाना है!"

ऑटोवाला हसला. "तो और जल्दी जाओ दीदी, ठंडा हो जाएगा!"

बारा पंचवीसला गेटाजवळच्या पटांगणात पोचलो. टिकारामने स्वतः झाकण उचललं. कढी काठावर, वाफ वर. त्याने वहीत खूण केली.

पण मजूर पुढे येईनात. हात धुऊन, ताटं धरून, दहा पावलांवर उभे. सगळ्यांची नजर त्या लाल अक्षरांवर. शालूच्या कपाळावर घाम आला. गाडी मिळाली, वेळ गाठली, कढी शाबूत, आणि आता हे!

शेवटी गोंदियाकडचा एक तगडा गडी बोललाच, "बाई, ह्या गाडीतून त माणसं नेतात ना जी?"

शालूने पळी उचलली, त्याच्या ताटात भाताचा डोंगर केला, वर कढी ओतली, आणि अख्ख्या पटांगणाला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"नेतात न! पोटभर जेव तू. उठता नाही आलं त ह्याच गाडीत झोपवून घरी सोडून देईन."