कमी पडलेला हायड्रोजन

आगरदांड्याच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मेडिकल होतं. आमचं म्हणजे काकांचं. मी तिथे कामाला होते. माल मागवणं, मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढणं, इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवणं, फेरीबोट सुटायच्या आधी धावत येणाऱ्या पर्यटकांना उलटीच्या गोळ्या देणं, हे सगळं मी बघायचे. पण फार्मासिस्ट काका. ते दुकानात असले तरच औषध विकता येणार, असा कायदा. काकांनी पंचाहत्तरी ओलांडली, गुडघे बोलायला लागले, तशी माझी झोप उडाली. या वाटेवर दुसरं मेडिकल नाही आणि मला दुसरं काम येत नाही.

"बाय, तू डी.फार्म. कर," काका म्हणाले. "तंवर मी बसतो खुर्चीत. मला दुसरं काय काम हाय?"

डी.फार्म.ला बारावी विज्ञान लागतं. माझी बारावी कॉमर्सची, तीही लग्नाआधीची. मी गोळ्यांचं रिकामं खोकं उलगडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर यादी केली. मुक्त विद्यालयाचा अर्ज. भौतिक, रसायन, जीवशास्त्र. पुस्तकं. सकाळची एसटी. मुरुडच्या ज्युनिअर कॉलेजमधल्या रसायनशास्त्राच्या सरांना विचारणं. सर माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. म्हणाले, "ताई, मागच्या बाकावर बसा. हजेरीत नाव येणार नाही, कानावर तरी पडेल." एकेका ओळीवर खूण होत गेली. यादी पूर्ण झाली की काम झालं, असं मी आयुष्यभर धरून चालले आहे.

पहिल्या दिवशी मी आत शिरले तर अख्खा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाला. मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा त्यांना कळेना की आता आपण बसायचं की नाही. शेजारी कोळीवाड्यातली एक मुलगी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काकी, खरंच शिकायला आलाव? आम्ही इथून कधी सुटतो ते बघतोय, आणि तुम्ही फी भरून येताव?"

पहिला तास संपला की मी दहाला शटर उघडण्यासाठी परतीची गाडी पकडायची. असा क्रम बसला.

मोल ही भानगड मला जमली. वेगवेगळ्या गोळ्यांची एकेक स्ट्रिप घ्या, गोळ्या सारख्याच दहा, पण वजन वेगळं. समीकरण तोलणंही जमलं, दोन्ही बाजूंचा हिशोब लागला की झालं. मग सरांनी फळ्यावर लिमिटिंग रिएजंट लिहिलं आणि माझी गाडी रुतली.

उदाहरण साधं होतं. अठ्ठावीस ग्रॅम नायट्रोजन आणि तीन ग्रॅम हायड्रोजन घेतला, तर अमोनिया किती तयार होईल? मी भराभर मांडलं. अठ्ठावीस ग्रॅम नायट्रोजनला हायड्रोजन लागतो सहा ग्रॅम. आहे तीन. मी लिहिलं : तीन ग्रॅम हायड्रोजन कमी आहे, तो घेतल्यावर अमोनिया चौतीस ग्रॅम. खाली रेघ मारली.

सर वहीवर वाकले. "ताई, हा तीन ग्रॅम आणलात कुठून?"

"मागवला," मी म्हणाले.

वर्गात हशा फुटला. पुढून कुणी तरी ओरडलं, "सर, संध्याकाळच्या गाडीने येईल पार्सल!"

सरही हसले. "ताई, इथे मागवायचं नाही. भांड्यात आहे तेवढंच. जे आधी संपेल ते लिमिटिंग रिएजंट, ते संपलं की काम थांबलं. उरलेलं कितीही असू दे, ते नुसतं पडून राहणार."

वाक्य मला समजलं, हाताला समजलं नाही. पुढच्या गणितात मी मॅग्नेशियम मागवलं. त्याच्या पुढच्यात ऑक्सिजन. दुकानात इतकी वर्षं काढल्यावर काय कमी आहे ते दिसलं की पेन आपोआप तिकडे धावायचं. चाचणीत त्या प्रकरणात मी सपशेल आपटले. शेजारच्या मुलीला माझ्याहून दुप्पट मार्क होते. तिने पेपर शेजारी धरून सांगितलं, "काकी, तुमचं गणित बरोबर असतंय. फक्त प्रश्न दुसराच असतोय."

मग मी वेड्यासारखी मागे लागले. एसटीत गणितं, काउंटरवर गणितं. एका बाईला खोकल्याच्या औषधाऐवजी आम्लपित्ताचं देत होते, काकांनी बघितलं म्हणून वाचले. घरी नवरा म्हणाला, "तुझा नायट्रोजन शिजला असेल तर भाताचं बघ." एकदा मुरुडच्या स्टँडवर बाकावर बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पदर लावला आणि पुढचं उदाहरण घेतलं. तेही चुकलं. हे प्रकरण पार झालं नाही तर रसायन नाही, रसायन नाही तर बारावी नाही, आणि काका रोज खुर्चीतून उठताना माझा हात जास्त जोरात धरायला लागले होते.

एका सकाळी काका आले नाहीत. मोरीत पाय घसरून कमरेचं हाड मोडलं होतं. पुण्याहून त्यांचा मुलगा आला. दुकानात उभं राहूनच म्हणाला, "बाबांना घेऊन जातो. हे आता आवरायला लागेल, ताई."

"मला थोडा वेळ द्या," मी म्हणाले. खोकं उलगडलं, यादी केली. मुरुड, रेवदंडा, अलिबाग, रोहा. ओळखीच्या प्रत्येक मेडिकलला फोन लावले : एखादा फार्मासिस्ट द्या, माझं शिक्षण होईपर्यंत बसेल असा. एक म्हणाला लांब पडतं. एक येतो म्हणाला आणि फोन उचलेनासा झाला. एका फार्मासिस्ट मुलीच्या घरच्यांनी मलाच विचारलं, "तिथे येऊन ती करणार काय?" यादीवर एकही खूण झाली नाही.

काकांना गाडीत घालायच्या आधी भेटले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"बाय, मी बसतो बोललो होतो."

"तुम्ही आधी उभे राहा," मी म्हणाले. "बसायचं मग बघू."

ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

माल परत पाठवायला खोकी भरली. काकांचं प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवून वर्तमानपत्रात बांधलं. शटर अर्धं खाली असताना रोजची एक आजी वाकून आत डोकावली. "वहिनी, बीपीची गोली? मुरुडला जाऊ काय आता मी?" मी एसटीची वेळ सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली आणि पाय सवयीने एसटीकडे वळले. सरांनी फेरचाचणी ठेवली होती. तेच नायट्रोजन, तेच हायड्रोजन. मी पेन टेकवलं. तीन ग्रॅम कमी आहे, हे या वेळीही मला सगळ्यांत आधी दिसलं. पण मागवायचं कुठून, हा विचारच आला नाही. मी लिहिलं : हायड्रोजन आधी संपेल. अमोनिया सतरा ग्रॅम. खाली उपप्रश्न होता, कोणता पदार्थ शिल्लक राहील आणि किती. नायट्रोजन, चौदा ग्रॅम. लिहून मी त्या आकड्याकडे बघत बसले.

सरांनी पेपर जागेवरच तपासला. "ताई, बरोबर! आज काही मागवलं नाहीत."

"नाही," मी म्हणाले. त्यांना दुकानाचं माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

तास संपला. पोरं भौतिकशास्त्राच्या वह्या काढायला लागली. रस्त्यावरून आगरदांड्याची गाडी आली, थांबली आणि गेली.

"काकी, गाडी न्हाय पकडायची?" शेजारची मुलगी म्हणाली. "दुकान कोण उघडणार?"

"कुणी नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावर माझी पिशवी ठेवण्यापुरती जागा केली.