धडामवहिनींचा खडू

कारखान्यात तिला सगळे धडामवहिनी म्हणायचे, आणि त्यात खोटं काय होतं? गेली एकोणीस वर्षं ती पोलादी ड्रम खाली आपटायचंच काम करत होती. ज्या ड्रममधून आम्ल, थिनर असली जाळणारी-पेटणारी द्रव्यं ट्रकवरून जातात, तो ड्रम आधी जवळजवळ काठोकाठ पाण्यानं भरायचा, साखळीला टांगायचा, छातीएवढ्या उंचीवरून जाड पोलादी पत्र्यावर सोडायचा, आणि मग गळतो का ते बघायचं. एक थेंब आला की नापास.

घरी तिच्या हातून कधी बशीसुद्धा पडली नाही, पण सवय जाते कुठे! नवा डबा आला की त्यात पाणी भरून, झाकण लावून, उलटा धरून शंभर अंक मोजल्याशिवाय ती तो वापरायला काढत नसे. नणंदेनं हौसेनं आणलेला थर्मास तिनं चार पाहुण्यांदेखत उलटा केला, आणि तो गळला नेमका नणंदेच्या मांडीवर. नणंद अजून तो विषय काढू देत नाही.

नवराही तिला या आपटण्यातूनच मिळाला. तो ड्रमचा उभा जोड वेल्ड करायचा, म्हणून सगळे त्याला टाकेवाला म्हणायचे. कामाच्या पहिल्याच आठवड्यात तिनं त्याचा ड्रम नापास केला. तो तावातावानं भांडायला आला. दुसऱ्या दिवशी नवा ड्रम घेऊन आला, तिसऱ्या दिवशी ड्रम नसतानाच आला. मग काय, सहा महिन्यांत लग्न. लग्नानंतर तरी ही जरा नरमेल, अशी त्याची भाबडी समजूत होती.

तर त्या दिवशी बाहेरचे तपासनीस आले होते. नव्या नमुन्याचा ड्रम पास झाला तर त्यावर शिक्का मिळणार होता आणि वेल्डिंगचं खातं कारखान्यात राहणार होतं. नापास झाला तर मालक तयार ड्रम बाहेरून मागवणार, खातं बंद, टाकेवाला घरी. मालकांनी हे सकाळीच सांगून टाकलं होतं. टाकेवाल्याला नाश्ता गेला नव्हता. वहिनींना मात्र गेला होता, त्याच्याही वाटचा.

ड्रम सहा. पहिले तीन तिरके, काठावर आपटायचे. उरलेले तीन जिथे ड्रम सगळ्यात कच्चा असेल तिथे, आणि ती जागा निवडायचा मान धडामवहिनींचा. नवऱ्याच्या कामावर बायकोनं खडू फिरवायचा म्हटल्यावर तपासनिसांनी भुवई वर केली, तेव्हा मालक म्हणाले की हिच्यापेक्षा कडक माणूस तुम्हाला या गावात मिळायचा नाही.

पहिले तीन आपटले. धडाम, धडाम, धडाम. दर वेळी वहिनी बूच सैल करून आतला दाब मोकळा करायच्या, चक्क जमिनीवर पालथ्या पडायच्या आणि टॉर्च मारून कडा न कडा बघायच्या. तिन्ही कोरडे.

चौथ्या ड्रमवर त्यांनी जराही न घुटमळता फुली मारली, उभा जोड खालच्या काठाला भेटतो तिथे. यंत्र तिथवर नीट पोचत नाही, शेवटचं चार बोटं अंतर हातानं जोडावं लागतं, आणि टाकेवाल्याचा हात तिथे घसरतो, हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. तरी खडू तिथेच टेकला. धडाम! वहिनी पालथ्या पडल्या. जोड ठणठणीत कोरडा.

त्या उठल्या त्या नवऱ्याकडे संशयानं बघत. तो गालातल्या गालात हसत होता.

"एकोणीस वर्षं तू तिथेच खडू लावतेस," तो म्हणाला. "मग मी तिथे दोनदा हात फिरवतो."

सगळा कारखाना खदखदून हसला. मालकांनी टाळ्या वाजवल्या. तपासनीस पुढचे दोन त्याच जागी म्हणून लिहायला लागले, आणि वहिनींनी त्यांचा हात धरला.

"थांबा. मग ती जागा कच्ची राहिलीच कुठे?"

हसणं जागच्या जागी थांबलं. मालकांचा चेहरा पडला. वहिनींनी खडू नवऱ्यापुढे धरला. हा ड्रम उद्या ट्रकवरून पडेल तेव्हा काही माझी फुली शोधून पडणार नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "अहो, तुमचा हात तुम्हालाच ठाऊक. कुठे कच्चा आहे, दाखवा."

त्यानं खडू घेतला. कुठेही फुली मारली असती तरी कुणाला कळलं नसतं, वहिनींनासुद्धा नाही. तो ड्रमभोवती एक चक्कर मारून आला, आणि वरच्या काठापाशी, जोड संपतो तिथे, त्यानं फुली मारली, सहाव्यावरही तिथेच.

"इथे. इथवर येईतो तुझ्याकडे धाडायची घाई झालेली असते," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

वहिनींना हसू आवरेना. ऐन परीक्षेत, तपासनिसांपुढे, त्या तोंडावर पदर धरून खुदुखुदु हसत राहिल्या. तशाच हसत त्यांनी साखळी सोडली. पाचवा, कोरडा. सहावा पडला, त्या पालथ्या झाल्या, टॉर्च मारला, आणि हसू खाडकन थांबलं. फुलीखाली एक थेंब होता.

टाकेवाला शेजारीच ओणवा होऊन बघत होता. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून दुसरा थेंब तिथेच टपकला. घामाचा.

"अहो, आधी नाक बाजूला घ्या," वहिनी ओरडल्या. तपासनिसांनी फडक्यानं जागा पुसून घेतली, घड्याळ लावून पाच मिनिटं वाट पाहिली. जागा कोरडीच राहिली, आणि तपासनिसांनी सही केली. त्यांच्यादेखत वहिनींनी नवऱ्याला अशी मिठी मारली की मालक छत बघू लागले.

दुसऱ्या दिवशी चाचणीसाठी पहिला ड्रम आला. वहिनींनी एप्रनच्या खिशातून खडू काढला आणि पुन्हा ठेवून दिला. जोडाच्या मधोमध, त्यांना सात जन्मांत सुचली नसती अशा जागी, टाकेवाल्यानं आपल्या हातानं आधीच फुली मारून पाठवली होती. वहिनींनी ड्रम साखळीला टांगला आणि बरोबर त्या फुलीवर सोडला.